आर्तुरच्या खुर्चीपुढचं पाणी

"केलीत ना परत घाण? घोडी बरी तुमच्यापेक्षा, निदान तबेल्यात तरी करतात!" तोन्या काकूंनी ओलं फडकं रंगमंचाच्या फळ्यांवर आपटलं.

"काकू, ती थुंकी नाही. श्वासाचं पाणी आहे," आर्तुर राइमर शांतपणे म्हणाला. हे तो त्यांना अठ्ठावीस वर्षं सांगत होता.

"तोंडातून आलं ना? मग थुंकीच!"

शेजारच्या खुर्चीवर झमाल आपा गालातल्या गालात हसली आणि आपल्या वाद्यातलं उरलंसुरलं पाणी तिने काकूंच्या डोळ्यांदेखत खाली ओतलं.

फ्रेंच हॉर्नवाल्यांचं हे असंच असतं. गोगलगायीसारखी गुंडाळलेली लांबलचक पितळी नळी. फुंकलेला श्वास आत थंडावतो, त्याचं पाणी होतं आणि मधूनमधून ते ओतून टाकावं लागतं. आमच्या ऑर्केस्ट्रात आर्तुर पहिला हॉर्न आणि झमाल दुसरी. त्यांच्या खुर्च्यांपुढच्या फळ्या कायमच्या काळ्या पडल्या होत्या. मी त्यांच्या पुढ्यात बसून व्हायोला वाजवतो. व्हायोलावाल्याला वाजवायला सहसा काही महत्त्वाचं नसतं, त्यामुळे मागचं सगळं ऐकू येतं.

त्या संध्याकाळी मोसमातला शेवटचा कार्यक्रम होता. मोसम सुरू झाला ऑक्टोबरात, तेव्हा गावाच्या वाफेच्या नळांना अजून ऊब आली नव्हती आणि श्रोते कोट न काढता बसले होते. नववर्षाला वॉल्ट्झ झाले, वसंतातल्या नौरोझला दोनतारी दोंब्रा वाजवणाऱ्यांबरोबर एक तुकडा झाला, आणि फेब्रुवारीत एकदा तर श्रोत्यांपेक्षा आम्हीच जास्त होतो. आता मे महिना, शेवटची मोठी सिंफनी. तिच्या संथ भागात सगळी वाद्यं दबक्या आवाजात खाली बसतात आणि वर एकटा हॉर्न गातो. कोळशाच्या खाणीतून वर आलेली माणसं आमच्याकडे आली तर त्या पाच मिनिटांसाठी यायची. तो तुकडा आर्तुरचा होता. आणि आर्तुर निघाला होता, गुरुवारच्या विमानाने, कायमचा.

त्याचे नातेवाईक केव्हाच जर्मनीला गेले होते. युद्धाच्या काळात इथे आणून वसवलेल्या जर्मन माणसांनी नव्वदच्या सुमाराला घरं विकली, पियानो विकले, गेले. आर्तुर राहिला, कारण बायकोची कबर इथे होती. लेक लीलियासुद्धा लग्न करून तिकडे गेली. आता तीच न्यायला आली होती. फ्लॅट विकून झाला होता. हॉर्न फिलहार्मनीच्या, म्हणजे आमच्या संस्थेच्या मालकीचा, तो दुसऱ्या दिवशी भांडारात जमा करायचा होता.

दुसरा हॉर्न म्हणजे काय, हे सांगितलं पाहिजे. पहिल्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा. तो वर गेला की आपण खाली राहायचं, म्हणजे त्याला पाय ठेवायला जागा होते. टाळ्यांच्या वेळी पहिल्याला उठवतात. दुसऱ्याने बसल्या जागी मान हलवायची. झमालचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला तेव्हा ती तिशीची होती. पुढे राजधानीतल्या एका ऑर्केस्ट्राने तिला पहिली खुर्ची देऊ केली होती. ती गेली नाही. का गेली नाही, यावर लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. मला एवढंच ठाऊक आहे की हिवाळ्यात पोटासाठी आम्ही अंत्ययात्रांत वाजवायला जायचो, आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीत आर्तुर आपले हातमोजे तिला द्यायचा. स्वतःचे हात काखेत घालून उभा राहायचा. याहून जास्त काही मी कधी पाहिलं नाही. याहून जास्त काही होतं असंही मला वाटत नाही.

दुपारच्या तालमीनंतर चहाच्या खोलीत मी दोघांच्या मागच्या बाकावर होतो.

"झमाल, माझा दात गेला."

"गेला म्हणजे?"

"आहे अजून. पुढचा. हलतोय. डॉक्टरने तारेने बांधलाय, पण हॉर्न दाबला ओठावर की संपलं. म्हणाला, वाजवलंस तर गिळशील."

"म्हणून तालमीत अर्ध्यावर सोडलंस होय? मला वाटलं, रुसलास."

"माएस्त्रोला सांगतो. तो तुकडा तू वाजव."

झमालने तळलेल्या पिठाचा बाउरसाक चहात बुडवला, पण खाल्ला नाही. "आणि लीलिया?"

लीलिया लहानपणी आमच्यातच वाढली. आईची रात्रपाळी असली की ती तालमीला येऊन बसायची आणि तालीम संपली की धावत वर येऊन बापाच्या खुर्चीपुढचं पाणी बघायची. "पप्पा, आज मोठं तळं केलं!" म्हणजे पप्पांनी आज खूप वाजवलं. तळं लहान दिसलं की हिरमुसायची.

"फोनवर म्हणाली," आर्तुर हळूच म्हणाला, "तो तुकडा एकदा ऐकला, की मग तुम्हाला इथून उचलून न्यायला माझा जीव धजेल."

"मग ऐकू दे तिला. तू हॉर्न तोंडाला लाव, बोटं चालव. फुंकीन मी."

"ही फसवणूक झाली."

"झाली. मग? आजवर मी तुझ्या श्वासाबरोबर श्वास घेतला. एक दिवस तू माझ्याबरोबर घे."

"तुला येतो तो तुकडा?"

तेव्हा झमाल खरंच चिडली. "स्वयंपाकघरात बसून वाजवते की रोज. शेजारीण रेडिएटरवर चमचा बडवते माझ्या नावाने. विचार जाऊन तिला!"

संध्याकाळी सभागृह भरलं. लीलिया दुसऱ्या रांगेत, मांडीवर पांढऱ्या लिलाकचा गुच्छ. पहिला भाग झाला. संथ भाग आला. आम्ही व्हायोलावाले एकच सूर धरून बसलो आणि मी मान वळवायची नाही असं ठरवलं.

मागून हॉर्न सुरू झाला.

आर्तुर तो तुकडा भरल्या घराची खिडकी उघडावी तसा वाजवायचा. हा आवाज वेगळा होता. काळसर, सावकाश, तळातून वर आलेला. जन्मभर खाली राहिलेल्या माणसाला वरचे सूर कसे दिसतात, ते त्यात ऐकू येत होतं. शेवटचा लांब सूर तिने इतका बारीक केला की तो कधी संपला ते मला कळलं नाही.

आमचा माएस्त्रो, म्हणजे ऑर्केस्ट्राचा संचालक, तरुण, राजधानीतून आलेला, कुणाची चूक पोटात न घालणारा. सिंफनी संपली, सभागृह उभं राहिलं, तेव्हा त्याने सगळ्यांत आधी हॉर्नच्या रांगेकडे पाहिलं. नजर आर्तुरवर नव्हती, झमालवर होती. त्याला कळलं होतं. त्याला सगळंच कळतं. एव्हाना मीही मान वळवली होती. झमालने डोकं जेमतेम हलवलं. नाही.

माएस्त्रो क्षणभर तसाच थांबला. मग त्याने हात लांबवून आर्तुरला उठवलं.

आर्तुर उठला. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने वळून झमालपुढे हात केला, ऊठ म्हणून. ती खाली वाकून नळी काढण्यात गुंतल्याचं नाटक करत राहिली. तेव्हा आम्ही सगळ्यांनी पाय घासायला सुरुवात केली. वाद्यांनी हात अडकलेले असले की आम्ही अशीच दाद देतो, बुटांनी. जमीन थरथरली. लोकांना वाटलं, निघालेल्या म्हाताऱ्यासाठी. आर्तुरला माहीत होतं कुणासाठी. तो तसाच उभा राहिला, हात पुढे केलेला, आणि रडत होता.

श्रोते पांगले. मी स्वरलिपीचा स्टँड मिटत होतो. आर्तुरला लोकांनी विंगेत घेरलं होतं. खालून लीलिया पायऱ्यांकडे येताना दिसली, लिलाकचा गुच्छ सांभाळत. झमालने तिला पाहिलं. झमालच्या हातात तिचा हॉर्न होता, अजून न ओतलेला. तिने शेजारच्या खुर्चीपुढच्या फळीकडे पाहिलं. ती फळी कोरडी होती.

झमाल एक पाऊल सरकली आणि तिने हॉर्न तिथे उपडा केला. एकेक नळी काढून शेवटच्या थेंबापर्यंत झटकली. फडकं घेऊन आलेल्या तोन्या काकूंनी हे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं.

"काकू," झमाल म्हणाली, "आजच्या दिवस राहू दे."

काकूंनी तोंड मिटलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

लीलिया वर आली, थेट बापाच्या खुर्चीपाशी. खाली पाहिलं आणि चाळिशीची ती बाई उकिडवी बसली. दोन बोटं पाण्याला लावली.

"झमाल मावशी, बघ ना! केवढं तळं केलंय पप्पांनी!"

"हो गं," झमाल म्हणाली. "आज खूप वाजवलं त्याने."

आर्तुर लेकीच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याने आपल्या खुर्चीपुढचं पाणी पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीपुढे पाहिलं. झमाल पेटीच्या कड्या लावत होती, आणि तिच्या पायांपुढची फळी कोरडी होती.