भट्टीवरचा पहिला घाव

फेझ शहराच्या कुंभारवाड्यात त्या मंगळवारी सकाळी सगळं घोडं एकाच माणसापाशी अडलं होतं. उस्ताद थामी घण घेऊन आपल्या भट्टीसमोर उभा होता, आणि घण काही वर जात नव्हता.

राजधानी राबातहून सरकारी साहेब आला होता. देशभरची हवा स्वच्छ करायची, म्हणून धुराच्या भट्ट्या बंद, अशी योजना. जुनी भट्टी साहेबाच्या डोळ्यांदेखत पाडली की गॅसची मिळणार. आज नाही पाडली तर नवी दुसऱ्याच्या नावावर जाणार. आणि इथली रीत अशी की पहिला घाव भट्टीच्या उस्तादानंच घालायचा, तोवर गडी विटेला बोट लावत नाहीत. हे साहेबाला कोण सांगणार? तो आपला घड्याळ बघतोय.

"बा, घाला ना एकदाचा!" मुलगी घीता म्हणाली. अर्ज तिनंच केला होता. "डॉक्टर काय म्हणाला आईबद्दल? आणखी दोन हिवाळे हा धूर घेतला तर..."

"ऐकलंय. बहिरा नाही मी."

बायकोवर जीव नव्हता असं नाही हो. पण काय ते दिवस! जळण म्हणून ऑलिव्हचा चोथा मूठमूठ आत फेकायचा आणि धुरावरून आतलं ओळखायचं. काळाकुट्ट म्हणजे भांडी अजून कच्ची, करडा म्हणजे आच धरली, पांढरा बारीक निघाला की निळा रंग पक्का बसला म्हणून समजा. आळीतले उस्ताद आपल्या भट्ट्या सोडून त्याला विचारायला यायचे. थंडीत सगळे याच भिंतीला पाठ लावून गरम हरीरा सूप प्यायचे, गाणी म्हणायचे, एकमेकांची उणीदुणी काढायचे. तान्ही घीता इथंच उबेला झोपायची. आता ती पोरगी त्याला घण मारायला सांगत होती.

"साहेब, तुमच्या भट्टीला ना धूर ना वास," थामी करवादला. "तिच्यासमोर मी काय जांभया देत बसू? बटण दाबायला माकडही चालेल."

तेवढ्यात भिंतीचा आधार घेत, दर चार पावलांवर थांबत त्याची बायको झोहर चढ चढून आली.

"सवतीला निरोप द्यायला आले," ती भट्टीकडे बघत म्हणाली. गडी खो खो हसले.

"तू कशाला आलीस? डॉक्टरनं घराबाहेर पडू नको म्हटलंय ना?"

"गच्चीवर जाऊ नको असंही म्हटलं होतं. ऐकलं का मी?"

"गच्चीवर? या धुरात? काय मरायला?"

"तुम्ही कधी येणार ते बघायला." झोहरनं दम खाल्ला. "लग्न झाल्यापासून बघतेय. काळा असला की आज उशीर. करडा झाला की पीठ मळायचं. पांढरा दिसला की पाव भाजायला टाकायचा. कधी गार पाव वाढलाय का तुम्हाला?"

नव्हता वाढला. चाळीस वर्षांत एकदाही नाही. थामीला वाटायचं, आपलं नशीबच चांगलं, नेमके वेळेवर पोचतो.

"तुला हे कोणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? उभी राहून राहून कळायला लागलं."

आणि तिला खोकल्याची अशी उबळ आली की घीतानं धावत जाऊन तिला धरलं.

काळा धूर वर जात नाही, उतरून गच्च्यांवर बसतो, हे थामीइतकं कोणाला ठाऊक होतं? तो इथं मूठमूठ चोथा टाकत होता, आणि ती तिथं त्यात उभी राहून त्याची वाट बघत होती. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलंसुद्धा नाही.

"बिस्मिल्लाह," तो म्हणाला आणि घण घातला. मग दुसरा. मग तिसरा. गडी पुढे झाले, पण तो घण देईना. साहेब सही करून मोकळा झाला तरी हा मारतोच आहे. विटा ढासळल्या, काजळी अंगावर उडाली, थांबायचं नाव नाही.

"अहो, पुरे करा आता," झोहर ओरडली. "धाप लागलीय तुम्हाला."