ब्राह्मणपुरीची रोपं

रंगपंचमीच्या दुपारी मी मागच्या परसात तळीतला चिखल तुडवत होतो, तेव्हा अनुसयाभाभी आल्या. त्या माझ्या चुलत भावाच्या, पितांबरभाऊच्या बायको. माझी बायको रुक्मिणी त्यांच्याच सोबतीने डाकोरच्या पुनवेला गेली होती. गल्लीतल्या आणखी चारपाच बायका होत्या. परत येण्याचा दिवस टळून गेला होता, पण यात्रेची गाडी म्हणजे दोन दिवस इकडेतिकडे होणारच, असं धरून मी कामाला लागलो होतो.

भाभी कुंपणापाशी उभ्या राहिल्या. हातात गाठोडं होतं. मी म्हणालो, "भाभी, परसाद लई उनात, का नुसताच हात हालावत?"

त्यांनी गाठोडं छातीशी धरलं.

"नि ती कथी शे? पुढना दारनी गई का?"

"भाऊ," त्या म्हणाल्या, "पाय धोई ल्या. वर या."

"कसाले?"

"ती नई उनी, भाऊ."

एवढं सांगून त्या खाली बसल्या. हातातलं गाठोडं रुक्मिणीचं होतं. मी चिखलातच उभा राहिलो. सुरत सोडल्यावर गाडीत तिला उलट्या सुरू झाल्या. खांडबाऱ्याला बायकांनी तिला खाली उतरवलं. स्टेशनाजवळ एका दुकानदाराच्या ओट्यावर ती रात्रभर होती आणि पहाटे गेली. तिथेच नाल्याकाठी तिला जाळलं. हे सगळं भाभींनी सांगितलं, आणि मी ऐकलं. पुढे ओरड झाली, माणसं आली. माझे पाय कोणीतरी धुतले. कोणी धुतले ते मला आठवत नाही.

तळी रुक्मिणीने काढली होती. आमच्या गल्लीत विहीर एकच आणि ती टोकाला. दर उन्हाळ्यात परसातल्या वेलांसाठी ती दिवसभर हंडे वाहायची. त्या वर्षी माघात तिने ठरवलं की घरामागे एक लहान तळी करायची. सकाळी एकदाच पाणी भरून ठेवायचं, मग दिवसभर तांब्याने घालायचं. काठाला अळू लावायचं. गुडघाभर खोल खड्डा तिने आणि मी मिळून खणला. तापीच्या काठची काळी चिकणमाती मी गाडीने आणली. त्यात शेण आणि गव्हाचा भुसा घालून तिने तळ लिंपला. असा तळ रोज थोडं पाणी घालून तुडवावा लागतो. मग माती बसते आणि पाणी झिरपत नाही. एकदा वाळून तडकली की सगळं पुन्हा करावं लागतं. जाताना तिने मला तेवढंच काम दिलं होतं.

तळीच्या बाजूला आडोशाला तिची रोपं होती. गिलकी, दोडकी, वांगी, मिरची, पपई. केळीच्या सोपटाचे, म्हणजे बुंध्याच्या सालीचे, द्रोण करून, प्रत्येकात मूठभर माती आणि दोन बिया. लावताना द्रोणासकट लावायचं, म्हणजे मूळ हलत नाही. ती सगळी रोपं आमच्यासाठी नव्हती. निम्म्याहून जास्त प्रमिलाची होती.

प्रमिला आमची एकुलती एक मुलगी. आदल्या वैशाखात तिचं लग्न ब्राह्मणपुरीला झालं. सासरचं घर मोठं, पण मागे नुसतं उघडं अंगण, एक वेल नाही. रुक्मिणीने तिला कबूल केलं होतं की चैत्रात रोपं पाठवीन. होळीला प्रमिलाला पाचवा महिना होता.

त्याच संध्याकाळी ओट्यावर पुरुषमाणसं बसली. प्रमिलाचे सासरे शांतीलाल रात्र पडायच्या आत घोड्यावर येऊन पोहोचले होते. एकटेच आले होते. मी म्हणालो, "पोरले लई येतात तर..."

शांतीलाल म्हणाले, "व्याही, आमना घरमा पहिलं लेकरू शे. पोर दचकनी नि काही व्हयनं तर?"

"पन तिनी माय शे."

पितांबरभाऊ आमच्यात वडील. ते म्हणाले, "गिरधर, आते माय ऱ्हायनी नई. पोर ऱ्हायनी शे. बाळंतपण व्हई जाऊ दे, मंग सांगू. जेले कळनं नई तेले सुतक बी नई. तिले काही लागत नई."

सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्याकडे पोटुशीला असं सांगत नाहीत, हे मलाही माहीत होतं. माझ्या आईला तिच्या भावाचं असंच चार महिन्यांनी सांगितलं होतं. मीही मान हलवली. प्रमिलाला सांगायचं ठरलं ते असं, की माय डाकोरहून बायकांबरोबर पुढे गिरनारला गेली आहे, आणि यायला वेळ लागेल.

सुतकात रोपाला, बियाला हात लावायचा नाही. आमची सगळी गल्ली एकाच भाऊबंदकीची, त्यामुळे सगळ्या गल्लीलाच सुतक होतं. पाणी घालायला कोणी नव्हतं. आमच्या गोठ्यात रूपलीबाई कामाला यायची. ती भिलांच्या वस्तीवरची. ती म्हणाली, "सुतक तुमले शे. झाडेसले थोडंच शे?" विहिरीवर तिला चढू देत नव्हते. म्हणून ती तळीतलंच पाणी तांब्याने रोपांना घालायची. मी मागच्या दारात बसून बघायचो.

तळीत होतंच किती पाणी. ते संपलं. रूपलीबाईला गव्हाच्या कापणीला जायचं होतं, तीही यायची थांबली. ऊन चढलं. तळ वाळला, मग तडकला. भेगेत बोट जाईल एवढा. द्रोणांतली रोपं आधी मान टाकायची आणि संध्याकाळी उचलायची. मग संध्याकाळीही उचलेनाशी झाली. सुतक फिटलं त्या दिवशी मी आंघोळ करून पहिला मागे गेलो. मिरचीची काही जगली होती. बाकीचे द्रोण नुसते मातीचे होते.

पाडवा झाल्यावर ब्राह्मणपुरीहून वाहरू आला. तो शांतीलालांचा गाडीवान. बैल सोडायच्या आधीच तो म्हणाला, "आबा, प्रमिलावहिनी तुमले भलती खिजी ऱ्हायनी. म्हने, मन्ही माय देवदेव करत फिरी ऱ्हायनी, नि बा तंबाखू मळत बठेल व्हई. रोपं तरी धाडा म्हने. तिनी अंगणमा तुमनामायक तळी खणेल शे. सासूनी भलती आरडाओरड करी, पोटशी बाई खड्डा कसाले खणस म्हनीसन. आयकस का ती."

मी हसलो असेन. वाहरूला सगळं माहीत होतं, म्हणून तोही माझ्याकडे न बघता हसला.

"चार दिनमा ये," मी म्हणालो. "रोपं धाडस मी."

रोपं नाहीत असं सांगितलं असतं तर तिने लगेच ओळखलं असतं. रुक्मिणीने पेरलेलं कधी मेलं नव्हतं. घरात कोणी आजारी असो, पाहुणे असोत, रोपांना पाणी चुकत नसे. प्रमिला याच परसात वाढली, तिला हे माझ्याहून जास्त माहीत होतं. म्हणून रोपं जायलाच हवी होती, आणि रुक्मिणीच्या हातची वाटतील अशी जायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी शहाद्याला एका बागवानाकडे गेलो. गिलकी, वांगी, पपई त्याच्याकडे होती, चांगली बोटभर वाढलेली, पण वाफ्यातली. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली. मग केळीच्या बागेतून सोपटं आणली आणि द्रोण करायला बसलो. मी हे काम कधी केलं नव्हतं. ती करायची तेव्हा मी बाजूला बसून बोलायचो. पहिले द्रोण फाटले. मग लक्षात आलं की ती सोपट आधी उन्हात थोडं मऊ करून घ्यायची आणि काडी आतून बाहेर टोचायची. तसं केलं. माती चाळली, शेणखत मिसळलं. रोपं एकेक करून द्रोणात बसवली आणि सावलीत ठेवली. दोन दिवसांत ती सावरली. पितांबरभाऊ बघायला आले. खाली बसून त्यांनी एक द्रोण उचलून फिरवून पाहिला.

"भो," ते म्हणाले, "हाई तर तिनाच हातनं वाटस."

मला बरं वाटलं. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच काहीतरी बरं वाटलं, ते खरं आहे.

वाहरू आला तेव्हा मी सगळे द्रोण मोठ्या टोपल्यात नीट रचले, वर ओलं फडकं टाकलं आणि गाडीत ठेवून दिलं. पाणी कधी घालायचं, दुपारी गाडी कुठे सावलीत थांबवायची, हे त्याला दोनदा सांगितलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी वाहरू परत आला. टोपलं गाडीतच होतं. फडकं तसंच होतं. मी विचारलं, "काय व्हयनं?"

तो बैलांच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. "टोपलं देखीसन हसनी ती आधी. फडकं उचलं. एक द्रोण हातमा लिधा. म्हने, माय उनी वाटस. मंग टोपलानी चारी बाजू देखी. म्हने, वाहरू, कंकू कथं शे? ओटी कथं शे?"

मी टोपल्यावरचं फडकं उचललं.

"मी म्हनं, इसरनं व्हई, वहिनी. घाई व्हती."

"मंग?"

"म्हने, पोटशी पोरले टोपलं धाडस नि मन्ही माय कंकू इसरस? मी काय बोलू, आबा? मी खाले देखं. तिनी मन्हाकडे देखं. मंग ती खड्डाना काठले जाईसन बसनी. सासूनी हाका मारात, उठनी नई. रात व्हवावर उठनी, नि म्हने, टोपलं वापस लई जाय."

माहेरून मुलीकडे काही जायचं तर टोपल्याला हळदकुंकू लागतं, आणि ती पोटुशी असली तर खण, नारळ, मूठभर गहू, ओटी. हे बायकांचं काम. मी जन्मभर अशी टोपली गाडीत चढवली, पण कुंकू कोण लावतं आणि कधी लावतं याकडे बघितलं नव्हतं. अनुसयाभाभींना सांगितलं असतं तर त्यांनी लावलं असतं. पण त्यांना सांगायचं माझ्या मनातच आलं नाही. मी द्रोणच बघत होतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात. प्रमिला आली नाही. मेलेल्यांच्या नावाने घागर भरायची असते, ती अनुसयाभाभींनी भरली. त्यानंतर मी ब्राह्मणपुरीला गेलो.

शांतीलालांनी ओट्यावर बसवलं. पाणी सासूने आणून दिलं. बऱ्याच वेळाने प्रमिला आतल्या दाराशी आली. चौकटीच्या आतच उभी राहिली. मला तिचं पोट आणि हात दिसत होते, तोंड अंधारात होतं.

"बा," ती म्हणाली, "द्रोण भलता चांगला करात तुम्ही."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"आख्खा जन्म मायना बाजूले बठनात. एक द्रोण करा नई. नि मले फसाडाले शिकनात."

शांतीलाल म्हणाले, "पोरी, बापले असं बोलतस का?"

"मी बापले बोली ऱ्हायनी, मामा. तुमले बोलाले अजून बाकी शे."

मग ती मला म्हणाली, "मले घर लई चला. एक दिन. मायनी जागावर मले रडनं शे. आठे मी रडनी तर समदा म्हनतस, चूप, लेकरूले लागी."

मी शांतीलालांकडे बघितलं. ते म्हणाले, "व्याही, एवढ्या उन्हात, गाडीमा? सातवा महिना शे. बाळंतपण व्हई जाऊ द्या. मंग लई जा, महिनाभर ठेवा."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रस्ता वाईट, ऊन वाईट. मी प्रमिलाकडे बघून म्हणालो, "व्हई जाऊ दे, माय. मंग मी सोता येस."

ती दारातून आत गेली. मी चहा घेतला आणि निघालो. त्यांच्या अंगणातून जाताना तिने खणलेला खड्डा दिसला. कडा सरळ होत्या.

आषाढात तिला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तिचं सासरीच झालं. सव्वा महिन्यानंतर मी वाहरूकडून निरोप पाठवला की गाडी घेऊन येतो. तिचा निरोप आला, "आते नको. मी म्हनं तवय लई गयात नई." दिवाळीला पुन्हा निरोप पाठवला. त्याचं उत्तरच आलं नाही. पितांबरभाऊ म्हणतात, निरोप कसले पाठवतोस, स्वतः जा, दारात बस, ती निघेपर्यंत उठू नकोस. भाभीही तेच म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. पण ती सगळ्यांसमोर नाही म्हणाली तर मी तिथून उठून कसा येईन, ते मला कळत नाही.

आता पुन्हा फाल्गुन लागला आहे. रूपलीबाई विचारत होती, यंदा बी टाकायचं का. मी म्हणालो, बघू.

प्रमिला आईसाठी अजून या घरात येऊन रडलेली नाही. तिला आणायला मी गेलेलो नाही.