तेरा नंबरचा बूट

या, असे पुढे सरकून बसा. लांबून बोलणं ऐकू येईल, पण कुजबूज निसटून जाईल, आणि या गोष्टीत बोलण्यापेक्षा कुजबूजच जास्त आहे. काठीच्या एका रबरी बुटाची आणि एका वहिनीच्या मनात शिरलेल्या संशयाची गोष्ट सांगतो. मन लावून ऐका.

ग्रंथपालबाई चहा आणायला आत वळल्या, तशी वहिनीने दारामागची त्यांची काठी उचलून उलटी केली. काठीच्या टोकाला बसवलेला काळा रबरी बूट तिने खिडकीच्या उजेडात धरला. तळाच्या रेघा अजून धारदार होत्या. साच्यातून काढताना राहिलेला रबराचा बारीक तुरासुद्धा जागच्या जागी होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे पाहिलं. धुळीचा कणही नव्हता.

बूट देऊन दोन महिने झाले होते.

"काठी बघतेस होय?" बाई कपबशा घेऊन बाहेर आल्या. "फार छान झालंय हो. मी सगळ्यांना सांगते. फॉर्मवर लिहिलंय ना मी, दहापैकी दहा?"

"लिहिलंय. पण बाई, तुम्ही ही रोज वापरता ना?"

"रोज?" बाईंना प्रश्नाचं नवलच वाटलं. "अगं, एवढी चांगली वस्तू रोज कशी वापरायची? झिजेल की! रोजच्याला जुनी आहे. ही डॉक्टरांकडे जाताना घ्यायची."

"मग या दोन महिन्यांत डॉक्टरांकडे गेला होतात?"

"छे गं. तब्येत छान आहे माझी."

वहिनीने चहा घेतला, पण तो गोड होता की अगोड हे तिला रस्त्यावर आल्यावरही सांगता आलं नसतं. तिथून ती आणखी चार घरी गेली. एका घरी बूट कागदातून काढलेलाच नव्हता. एका आजोबांनी त्याला मळू नये म्हणून पिशवी बांधली होती. चारही घरी तिचं कौतुक झालं आणि चारही काठ्यांचे तळ कोरे निघाले.

आता तिचं काय पणाला लागलं होतं, तेही सांगतो. अकरा वर्षं ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. पडलेल्या माणसांना पुन्हा चालतं करायचं, हे तिचं काम. बहुतेक जण काठी हातात असतानाच पडलेले असत, आणि तेच तिला सलत होतं. काठी तिरकी झाली की साधा बूट नुसत्या कडेवर टेकतो आणि ओल्या फरशीवर सटकतो. तिच्या बुटाला घोट्यासारखी मान होती. काठी कशीही कलली तरी तळ जमिनीला धरून राहील, अशी. धाकटा दीर टर्नर. त्याने लेथवर हातसाचा करून दिला, दोघांनी घरामागच्या गाडीच्या खोलीत बूट ओतले, आणि आतून एक ते बारा आकडे टाकून ओळखीच्या बारा जणांना वापरायला दिले. पुढची पायरी पोलादी साच्याची होती. तो एकदा कोरला की कोरला. मानेत सूतभर चूक राहिली तर ती हजारो बुटांत उतरणार. साचेवाल्याला आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हॉस्पिटलची बिनपगारी रजाही आजच संपत होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. आणि एवढं सगळं उभं होतं ते बारा फॉर्मांवर.

ते फॉर्म दर रविवारी दीर गोळा करून आणायचा.

चालता चालता वहिनी थबकली ती इथे. ज्याच्या नजरेतून केसाएवढी झीज सुटत नाही, त्याला दोन महिने हे कोरे तळ दिसले नसतील? दिसले असणार. मग बोलला का नाही?

एकदा मनाने हा धागा ओढला की पुढचं आपोआप उसवत जातं बघा. साचेवाला गावाला गेलाय, असं दीर तीन आठवडे सांगत होता. काल तिने स्वतः फोन केला, तर साचेवाला म्हणाला, "मी कुठे गेलोय? तुमच्याच निरोपाची वाट बघत बसलोय." शिवाय दर बुधवारी दुपारी दीर पिशवी घेऊन दोन तास नाहीसा व्हायचा. परवाच्या बुधवारी ती मुद्दाम दारात उभी राहिली होती.

"कुठे निघालात, भावजी?"

"कुठे नाही," असं म्हणून त्याने पिशवी खाली ठेवली आणि तो परत आत गेला. दिवसभर मान वर केली नाही त्याने.

तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. तो हसला. "माझा भाऊ आहे तो, हेर नाही. त्याला वाढदिवसाची भेट दोन दिवस लपवता येत नाही."

पण दवाखान्याचं सामान विकणारा एक बडा व्यापारी मध्यंतरी बुटाची चौकशी करून गेला होता, हे वहिनी विसरली नव्हती.

ती घरी आली तेव्हा दीर रबर आणायला गेला होता. लेथ बंद होता. तिने आधी दार लोटून घेतलं आणि मग लेथखालचा त्याचा खण ओढला. आपल्याच घरात आपण पावलांचा आवाज का चोरतो आहोत, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो तसाच बाजूला सारला. गेज, पाती, सुताच्या चिंध्या. चिंध्यांच्या तळाशी एक पुरचुंडी.

पुरचुंडीत चार बूट होते. चारही वापरलेले, तळ एका अंगाने झिजलेले, आणि प्रत्येकाच्या मानेला आतून चीर. तिने एकेक बूट उलटा करून आतला आकडा पाहिला. तेरा. दुसरा, तेरा. तिसरा आणि चौथाही तेराच.

बूट बाराच दिले होते. तेरावा ओतताना बिघडला, फेकून दिला, असं दीर म्हणाला होता.

पुरचुंडी ज्या कागदात बांधली होती ते एक विजेचं बिल होतं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलेलं:

"ओल्या फरशीवर पकड ठीक. एवढंच ठीक."

"जिना उतरताना कुरकुर."

"मान आतून उलते. बनवणाऱ्याला मान कशाशी खातात ते माहीत नाही."

तिने बिल उलटलं. पुढच्या बाजूला पत्ता होता आणि वर नाव. ते नाव या घरात आठ वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. दिराच्या जुन्या कारखान्याचा फोरमन. कामगार त्याला पाठीमागे 'करवत' म्हणत. याच माणसाने साऱ्या कारखान्यासमोर दिराला कामावरून काढलं होतं. दोन दिवस दीर जेवला नव्हता, आणि पुढे हा माणूस समोरून येताना दिसला की रस्ता ओलांडून जायचा. गावातले सगळे साचेवाले करवतीच्या ओळखीचे होते आणि व्यापारीही.

सांगा बरं, संशयाला आणखी काय लागतं?

तिने चारही बूट पर्समध्ये टाकले आणि निघाली.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. पायऱ्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. वर पोचून तिने कडी वाजवली तेव्हा आतून काठीचा मऊ आवाज येऊ लागला. तो आवाज तिने ओळखला आणि तिचे कान तापले.

"कोण आहे?"

"टर्नरची वहिनी."

"कुठल्या टर्नरची? साठ टर्नर झाले माझ्या हाताखालून, त्यातले पंचावन्न बिघडलेले."

"तेरा नंबरची."

दार उघडलं. म्हातारा उंच होता, पण आता कमरेत मोडल्यासारखा. हातात काठी. काठीला तिचा बूट.

"त्याने पाठवलं?"

"नाही. त्यांना माहीतही नाही."

"म्हणजे चोरून आलीस. बरं झालं, त्या घरात एकाला तरी डोकं आहे. बस."

ती बसली नाही. "आमचा नमुना तुम्ही कोणाकोणाला दाखवलात?"

"दूधवाल्याला. गुडघे गेल्यापासून दुसरं कोण येतंय इथे? तो म्हणाला, हे काय आहे?"

"मस्करी नको. तुमच्याशी त्यांचं बोलणं नाही, तोंड बघणं नाही. मग तुमच्याकडेच का आले ते?"

"मीही तेच विचारलं." म्हाताऱ्याने काठीवर दोन्ही हात ठेवले. "तर म्हणाला, 'बारा जणांना दिलेत, बाराही जणांचा वहिनीवर जीव आहे, कोणी खरं सांगत नाही. तुमच्या तोंडून माझ्याबद्दल चांगलं निघायची भीती नाही, म्हणून आलो.'" तो खोकला की हसला ते तिला कळलं नाही. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा अकलेचं बोलला गाढव."

वहिनी खुर्चीच्या कडेवर टेकली.

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं तर तू परत नोकरी धरशील म्हणे. चीर गेली की सांगतो, तोवर साचेवाल्याला लांबवतो. दर बुधवारी नवा बूट घेऊन यायचा, जुना काढून न्यायचा. मी म्हटलं, ती चीर तुझ्याच्यानं काय, तुझ्या बापाच्यानंही जायची नाही. रबर नाही चुकलं, वळण चुकलंय. दिवसातून चार वेळा जिना उतरतो मी. मला कुठे जायचंय? तुमच्या बुटासाठी उतरतो." त्याने टेबलावरचं दुसरं बिल तिच्याकडे सरकवलं. "हे घे. या आठवड्याचं."

सोमवारी तीन तक्रारी होत्या. मंगळवारी चार. मग एक ओळ:

"बुधवार. आला नाही. जुन्याच बुटावर उतरलो."

त्याखाली काही नव्हतं. गुरुवार नव्हता, शुक्रवार नव्हता.

तिने मान वर केली. म्हाताऱ्याच्या डाव्या कोपराला फडकं गुंडाळलेलं होतं. एका हाताने आणि दातांनी मारलेली गाठ होती ती.

"हाताला काय झालं?"

"दार लागलं."

"दार कोपराला मागून लागत नाही. अकरा वर्षं मी हेच बघतेय. दाखवा."

तो कधी कोणाचं ऐकत असेल असं वाटत नव्हतं, पण त्याने हात पुढे केला. तिने फडकं सोडलं. हाड शाबूत होतं, कातडं मात्र मनगटापर्यंत सोलवटलेलं. तिने मोरीत हात धुतले, जखम पुसली, स्वच्छ कापड मागून घेऊन नीट बांधलं. मग तिने त्याच्या काठीचा बूट ओढून काढला आणि काठीला जुना साधा बूट बसवून दिला.

"त्याला सांगू नकोस," म्हातारा म्हणाला. "जिना माझा, पाय माझे."

"नवा येईपर्यंत जिना उतरायचा नाही."

"बघू."

खाली रस्त्यावर उभं राहून तिने दोन फोन केले आणि मग घरी आली.

लेथ चालू होता. दीर पाठमोरा काम करत होता. तिने पर्समधून चार बूट काढून त्याच्यासमोर फळीवर मांडले. त्याचे हात थांबले.

"वहिनी, मी सांगणारच होतो."

"साचा नको म्हणून कळवलंय मी."

"आणि हॉस्पिटलला?"

"सोमवारपासून येते म्हटलं."

तो स्टुलावर बसला. "म्हणजे संपलं."

"संपलं काय? चारला सुटते मी, साडेचारला इथे. आणि माझ्या वॉर्डात काठीवाले वीस जण आहेत. रोज बळेबळे चालायला लावते म्हणून निम्मे मला शिव्या घालतात. पुढचे बूट त्यांना देऊ. बारा जणांनी पाहुणचार फार केला आपला."

दिराच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि तिथेच थांबलं. बराच वेळ तो झिजलेल्या बुटाशी चाळा करत राहिला.

"माझ्याबद्दल काही बोलला का?"

"गाढव म्हणाला. मग थेट मामंजींपर्यंत गेला."

"मग बरा आहे," दीर म्हणाला, आणि किती दिवसांनी मोकळं हसला.

जिना उतरतानाच तिने ठरवलं होतं, सांगायचं नाही. म्हाताऱ्यानेही तेच सांगितलं होतं. पण ते हसू समोर पाहून तिला गप्प राहवलं नाही.

"पडले होते ते, भावजी. बुधवारी."

दिराने हात लांबवून लेथ बंद केला. चक्र मंदावत मंदावत थांबलं. तोपर्यंत दोघांनीही त्याच्याकडेच पाहिलं, एकमेकांकडे नाही.

"हात सोललाय. हाड ठीक आहे. मी बांधून आले." "त्या दिवशी मी दारात उभी राहिले नसते तर..."

"वहिनी," त्याने तिला पुढे बोलू दिलं नाही. कानावरची पेन्सिल काढली, कागद ओढला. "चीर किती खोल होती? बघून सांगा."

तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून पाचवा बूट काढला, मान वाकवली आणि खिडकीकडे धरली. चिरेतून उजेड आला.

"आरपार," ती म्हणाली.

त्याने तसं लिहून घेतलं.

एवढीच गोष्ट. आता एक मागणं आहे. देवापुढे हात जोडून आपल्या माणसांचं क्षेम मागाल, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या म्हाताऱ्याचीही आठवण करा. गोड शब्द त्याने कोणाला दिला नाही. पण दिवसातून चार वेळा तो जिना उतरला, आणि बुधवारी नवा बूट घेऊन कोणी आलं नाही, तरीही उतरला. तेवढं त्याच्यासाठीही मागा.