डावीकडची खटखट

वहिनींचे वडील आयुष्यभर याच गॅरेजात गाड्यांखाली वावरले, आणि त्यांनी मुलीच्या हातात बाहुल्या कमी आणि पाने जास्त दिले. पुढे गॅरेज जावयाकडे आलं. त्याच्या हाताला गुण होता, म्हणून लोक त्याला उस्ताद म्हणू लागले. वहिनी मात्र काउंटरमागे जाऊन बसल्या. गाडी फाटकातून आत वळली की तिला काय होतंय हे त्यांना खुर्चीतल्या खुर्चीत कळायचं. पण विचारतंय कोण!

त्या महिन्यात दोन गोष्टींनी वहिनींचं डोकं उठवलं होतं. एक, उस्तादांचा गुडघा. जिना उतरताना तो असा कडकड वाजायचा की खालच्या मजल्यावरचे दार उघडून बघायचे. दुसरी, बाईंची गाडी.

बाई म्हणजे वहिनींची शाळेपासूनची मैत्रीण, फिजिओथेरपिस्ट. निम्म्या गावाचे खांदे आणि कंबरा त्यांनी सरळ केल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांना धाक घातला होता. त्यांच्या गाडीच्या पुढच्या बाजूने खटखट यायची. उस्तादांनी गाडी जॅकवर उचलून, चाकं हलवून पाहिली आणि एक शॉकअप बदलला. खटखट तशीच. मग म्हणाले, "आता स्टिअरिंगच उतरवावं लागणार."

वहिनी मंगळवारी बाईंबरोबर गाडीतून बाजारात गेल्या. स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाकं एकदम गेली, तेव्हा आवाज नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की पायाखाली खट्! घरी येताच त्यांनी सांगून टाकलं, "अहो, स्टिअरिंगला हात लावू नका. डावीकडची लिंक आहे."

"तू बिलं बघ," उस्ताद पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

झालं. वहिनींनी बाईंना फोन लावला, दार लोटून घेतलं आणि बराच वेळ कुजबुजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गॅरेजात हजर. कारागिरांसमोर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "उस्ताद, माझ्याकडे पेशंट आला की मी आधी दुखतंय कुठे ते बोटांनी शोधते. तुम्ही तर थेट ऑपरेशनलाच निघालात!"

"मग शोधा ना तुम्हीच," उस्ताद हसत म्हणाले. कारागीरही हसले.

"शोधलं तर?"

"तुम्ही म्हणाल ते करीन."

"महिनाभर गुडघ्याचे व्यायाम. रोज सकाळी, इथेच, या सगळ्यांसमोर."

"आणि नाही सापडलं तर पुन्हा माझ्या गुडघ्याचं नाव काढायचं नाही. दोघींनीही!"

"कबूल!" काउंटरमागून वहिनीच ओरडल्या, आणि जीभ चावली.

गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली, चाकं दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकलेली. बाई साडी खोचून पायऱ्या उतरल्या. उस्तादांनी स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवलं. बाईंनी स्टिअरिंगच्या सांध्यांना हात लावून पाहिला आणि खालून जाहीर केलं, "इथे काही नाही. आता गाडी एका बाजूने दाबून सोडा."

दोघे कारागीर बॉनेटच्या कडेवर रेलून गाडी हलवू लागले. वहिनींनी पढवल्याप्रमाणे बाईंनी दोन टोकांना गोळ्या असलेली ती पातळ दांडी, म्हणजे लिंक, धरली. डावीकडची. फक्त त्या उभ्या होत्या गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून. त्यांचं डावं ते गाडीचं उजवं! वहिनींनी काउंटरवरून वाकून ते पाहिलं.

"लागलं का हाताला काही?" उस्तादांनी विचारलं.

"थांबा... पेशंट लाजतोय."

वहिनी खोकल्या. बाई ढिम्म. वहिनी पुन्हा खोकल्या, मग घसा बसल्यासारख्या खोकल्या. शेवटी त्यांनी टेबलावरचा नटांचा डबाच खाली ढकलला. खणखणाट झाला आणि बाई दचकून गर्रकन मागे वळल्या. आता त्यांच्या डाव्या हाताला दुसरी दांडी, गाडीची खरी डावीकडची. त्यांनी ती पकडली. गाडी दबली, सुटली.

"खट्!" बाई आनंदाने किंचाळल्या. "बोटांना ठोका लागला! या, या, बघा!"

उस्ताद लंगडत खाली उतरले. दांडीवर बोटं ठेवली. खट्. गाडी पुन्हा दाबायला लावली. खट्. गोळी तिच्या खोबणीत सैल झाली होती. जॅकवर चाकं लोंबत असताना तिच्यावर ताण येत नव्हता, म्हणून ती मुकाट बसली होती. त्यांच्यासारख्या माणसाला हे समजायला एक क्षण लागला. दुसरा क्षण त्यांनी जमिनीवर सांडलेले नट बघण्यात घालवला.

"खोकला कधीपासून आहे गं तुला?"

"मंगळवारपासून," वहिनी म्हणाल्या.

कारागिरांनी माना खाली घातल्या, पण खांदे हलायचे ते हललेच.

"सरळ सांगायचं होतंस."

"सरळच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बिलं बघ."

उस्तादांनी कान खाजवला, नवी लिंक मागवली आणि बसवून गाडी स्वतः फिरवून आणली. एक चाक मुद्दाम खड्ड्यातून नेलं. गाडी मुकी.

तरी शब्द पाळण्याआधी त्यांनी हुज्जत घातलीच. "हे फसवून जिंकलंय. मी मानत नाही."

"दुखणं सापडलं की नाही?" बाईंनी विचारलं.

"सापडलं."

"मग झोपा."

आणि उस्ताद गॅरेजाच्या मधोमध सतरंजीवर झोपले. पाय सरळ, वर, दहा अंक, खाली. बाई मोजत होत्या, मुद्दाम सावकाश. सातव्या अंकावर फाटकातून एक टॅक्सी आत आली. टॅक्सीवाला उतरला, हवेत पाय धरून पडलेल्या उस्तादांकडे पाहून बिचकला आणि चाचरत म्हणाला, "वळताना पुढून टकटक येतेय हो."

उस्तादांचा चेहरा लाल झाला होता. श्वास रोखून त्यांनी काउंटरकडे बोट केलं.

"वहिनींना घेऊन एक चक्कर मारून या. त्या सांगतील."

वहिनींनी बिलांचा गठ्ठा कारागिराच्या हातात दिला, "बिलं बघ," म्हणाल्या आणि टॅक्सीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.