मधल्या पाणथळीचा बिनतारी संच

बिनतारी संच म्हणून मी आता जुना झालो आहे, मित्रांनो. सध्या माझा मुक्काम तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटावर आहे. माझ्यातून आता आवाज येत नाही. म्हणून हे एकदाच, सावकाश सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. तिथून मला एका पाणथळीच्या काठावरच्या चौकीत आणले आणि खिडकीजवळच्या टेबलावर स्क्रूने पक्के केले. माझ्यासारखेच आणखी दोन संच होते, एक वरच्या देशात आणि एक खालच्या देशात. त्याचे कारण होते क्रौंच. हे उंच पायांचे पक्षी उन्हाळ्यात वरच्या देशातल्या तळ्यावर पिल्ले वाढवत आणि थंडी पडली की खालच्या देशातल्या खाडीवर जात. मध्ये त्यांना दम खायला एकच जागा होती, ती आमची पाणथळ. तिन्ही देशांनी ठरवले, की या तीन जागा मिळून एकच संरक्षित जाळे मानायचे. कागदावर सह्या झाल्या. नकाशावर तीन हिरवे ठिपके आले. पण ठिपके एकमेकांशी बोलत नाहीत. ते काम आमच्याकडे आले.

मला चालवायच्या त्या बाई. चौकीत सगळे त्यांना नुसते बाईच म्हणत. त्यांचा नवरा पाणथळीवर होडी वल्हवायचा. वरच्या तळ्यावरून जे बोलत त्यांना बाई दादा म्हणायच्या आणि खाडीवरच्या रखवालदारीणबाईंना मावशी. ते दोघे बाईंना ताई म्हणत. तिघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते. तिघांनाही जेमतेम येणारी एक भाषा होती, तीत ते बोलत आणि आपले बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणत. मी ते तुमच्या भाषेत सांगतो आहे.

बाईंना माझी इतकी सवय झाली, की एकदा डबा खाताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मीठ द्या. ओव्हर."

"ओव्हर कसलं?" तो म्हणाला. "मी समोर बसलोय."

ते दिवस बरे होते, असे म्हणता येईल. पाहुणे यायचे, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. मोठमोठ्या सभांमध्ये आमचे नाव घेतले जायचे.

मग एका वर्षी पाणथळीला पाणी आणणारा कालवा आमच्याच देशात, वरच्या अंगाला, दुसरीकडे वळवला गेला. खिडकीतून मला दिसत होते. आधी कडा उघड्या पडल्या, मग मधला भाग. मग चिखलाला भेगा गेल्या. नवऱ्याने होडी ओढून चौकीच्या भिंतीला टेकवून ठेवली.

आमच्या चौकीचे साहेब वाईट नव्हते. त्यांनी वरिष्ठांना कळवले होते, पुन्हा पुन्हा कळवले होते. उत्तर आले ते त्यांनी बाईंना सांगितले. "विचारलं तर पाणी ठीक आहे म्हणायचं. जाळ्यातून नाव गेलं तर चौकी जाईल. तुमची नोकरी जाईल, तुमच्या यजमानांची जाईल, माझी बदली होईल. पुढच्या वर्षी बघू."

बाईंनी माझ्यावरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरखरलो. दादांचा आवाज आनंदात होता. "ताई, आज पहाटे सगळे क्रौंच उडाले. वारा पाठीशी आहे. उद्या तुमच्याकडे. पाणी कसं आहे? ओव्हर."

साहेब दारातच उभे होते. बाईंचा अंगठा माझ्या बटणावर होता. तो बराच वेळ नुसताच होता. मग तो दाबला गेला.

"दादा, आमच्याकडे पाणी नाही."

"कमी आहे का?"

"कमी नाही. नाहीच. सगळं वाळलंय."

माझ्यातून नुसती खरखर येत राहिली. मग दादा म्हणाले, "ताई, ते निघाले हो. आता मी त्यांना काय सांगू?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ते बाहेर गेले. बाईंनी मावशींना बोलावले. "मावशी, पक्षी न थांबता येतील. थकलेले असतील. होड्या आणि कुत्री लांब ठेवता येतील का?"

"ठेवते," मावशी म्हणाल्या. "तू जेवलीस का?"

बाईंनी नवऱ्याला हाक मारली.

जवळच्या वीटभट्टीत माती काढून पडलेले खड्डे होते, त्यांत थोडे पावसाचे पाणी साठले होते. एक दिवस भट्टी बंद ठेवा, असे सांगायला नवरा भट्टीवाल्याकडे गेला. भट्टीवाल्याने बरीच कुरकुर केली, पण दुसऱ्या दिवशी कामगार आणले नाहीत.

पक्षी आले. वाळलेल्या चिखलावर ते दुपारभर गोल गोल फिरत आणि ओरडत राहिले. काही भट्टीकडे वळले. बाकीचे पुढे गेले. बाई खिडकीत उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. मला काय वाटले, ते मला सांगता येत नाही. माझ्यात नुसत्या तारा आहेत.

काही दिवसांनी मावशींचा आवाज आला. "आले, ताई."

"सगळे?"

"मोठे बरेच आले." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "पिल्लं फारशी नाहीत."

"बरं," बाई म्हणाल्या.

पुढचे थोडक्यात सांगतो. दादांनी ही गोष्ट त्यांच्या कचेरीत नेली. तिन्ही देशांची सभा झाली. ज्याला आपल्या जागेचे पाणी बदलायचे असेल त्याने पक्षी उडण्याआधी शेजाऱ्यांना सांगायचे, असा नियम झाला. वाकड्या वाटेवरचे एक दुसरे तळे जाळ्यात घेतले. क्रौंच हळूहळू ती वाट शिकले म्हणतात. आमची पाणथळ मात्र वगळली. चौकी बंद करायचा हुकूम आला.

सामान बांधायचे चालले असताना एक पिकल्या केसांचे गृहस्थ दारात आले. ते निवृत्त झाले होते आणि बराच प्रवास करून आले होते. "ताई?" ते म्हणाले. तेव्हा बाईंनी आवाज ओळखला.

त्यांनी खुर्ची दिली, चहा केला. दादा म्हणाले, "तुमचा आवाज असा बारीक असेल, असं वाटलं नव्हतं."

"संचात जाड येतो," बाई म्हणाल्या.

मग दादांनी पाणथळ कुठे आहे, असे विचारले. बाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवले. तिथे नांगरट झाली होती. दादा पाहत राहिले. चहा निवला.

"तुम्ही सांगितलंत म्हणून पक्ष्यांना दुसरं तळं मिळालं," ते म्हणाले.

"हो का," बाई म्हणाल्या आणि माझे स्क्रू सोडवू लागल्या.

तिथून मी तुमच्या कपाटावर आलो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा किंवा पुसू नका. पण तुमच्या वाट्याला एखादे तळे, एखादे रान किंवा नुसता एखादा ओढा आला आणि तो आटू लागला, तर लपवू नका. पुढे कोणीतरी तुमच्या भरवशावर निघायच्या तयारीत असते. त्याचे पाय जमिनीवर आहेत तोवर त्याला सांगा.