जर्मनच्या बाई वॉर्डात

डोरीन कासलने अमेरिकेतल्या टोलेडोच्या एका शाळेत सोळा वर्षं जर्मन शिकवलं. मुलं कमी होत गेली, शाळेने तो विषयच बंद केला आणि एक्केचाळिसाव्या वर्षी बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. दुसऱ्या विषयांतल्या पदवीधरांना दीड वर्षात नर्सिंगची मास्टर्स पदवी देणारा तो अभ्यासक्रम. इतरांनी चार-पाच वर्षं सावकाश शिकायचं ते इथे नुसतं कोंबायचं. तिच्या वर्गात एक हिशेबनीस होता, एक केक बनवणारी होती, एक जण खडकांचा अभ्यास करून आलेला. सगळे आपल्यापेक्षा हुशार आहेत, असं तिला रोज सकाळी नव्याने वाटायचं.

हॉस्पिटलात ती टेस मॅकार्डल या नर्सच्या हाताखाली होती. टेस सव्वीस वर्षांची, कामाला वाघीण आणि जिभेने तिखट. आदल्याच दिवशी एका पेशंटचा ऑक्सिजन यंत्रावर एकदम खाली गेलेला बघून डोरीन धावत सुटली होती. बोटावरचा ऑक्सिजन मोजायचा चिमटा निसटला होता, एवढंच.

"ओठ निळे पडले होते का?" टेसने सगळ्यांदेखत विचारलं होतं. "नाही ना? मग आधी माणसाकडे बघा, बाई, नंतर यंत्राकडे."

सगळे हसले होते. त्या हसण्याने डोरीनचा रात्रभर डोळा लागला नव्हता.

आज तिच्या वाट्याला वॉल्ट पाविंस्की आले. पूर्वी ट्रक चालवायचे. खुब्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस.

"आल्या का शाळेच्या बाई! छडी कुठाय?"

"आज विसरले. हात पुढे करा."

त्यांनी हात पुढे केला आणि तो थरथरत होता. दुसऱ्या हातातली कॉफी चादरीवर सांडली.

"थंडी वाजतेय," ते म्हणाले. पण कपाळ घामाने चमकत होतं. नाडीही जोरात चालली होती. वर्गात शिकवलं होतं हे, मागच्याच महिन्यात.

"मिस्टर पाविंस्की, घरी रोज किती घेता?"

"औषधं? दोन गोळ्या."

"दारू."

"रविवारी एक बिअर. बायकोने सांगितलंय की इथे आल्या आल्या!"

उत्तर फार झटकन आलं. 'गृहपाठ केला होता बाई, वही घरी राहिली' हे सोळा वर्षं ऐकलेल्या बाईला तो सूर लगेच ओळखू आला.

बाहेर टेस दोन कामं एकदम करत होती.

"पाविंस्कींची नाडी वाढलीय," डोरीन म्हणाली.

"दुखत असेल. वाढणारच. गोळी देते मी त्यांना. आणखी काही?"

आणखी बरंच होतं. पण नुसत्या सुरावरून एका म्हाताऱ्याला दारुडा कसं म्हणायचं? आणि चुकलं तर? पुन्हा तेच हसणं?

"नाही," ती म्हणाली.

मग शेजारच्या खोलीत एका आजींचे केस विंचरत ती उभी राहिली, पण जीव सगळा भिंतीपलीकडे. आजी कुठल्याशा नातवाबद्दल सांगत होत्या, तिला एक शब्द कळत नव्हता. शेवटी राहवेना, तशी ती परत वॉल्टकडे गेली. ते चादरीवरून काहीतरी वेचत होते.

"या मुंग्या काढा हो कुणीतरी," ते रडवेल्या आवाजात म्हणाले.

चादर स्वच्छ होती.

डोरीन धावली. कोण बघतंय, कोण हसेल, काही सुचलं नाही. "टेस, त्यांची रोजची दारू एकदम तुटलीय, त्याचंच आहे हे. हात थरथरतायत, घाम येतोय, त्यांना मुंग्या दिसतायत. माझी खात्री आहे. चला!"

टेस हातातलं काम टाकून निघाली. डॉक्टर आले. तेवढ्यात वॉल्टची बायको अर्मा पिरोगींचा, उकडलेल्या करंज्यांचा, डबा घेऊन दारात उभी. डॉक्टरांचा दारूबद्दलचा प्रश्न ऐकताच ती भडकली.

"माझ्या नवऱ्याला दारुडा ठरवलं कुणी? हिने? ही तर शिकाऊ आहे!"

डोरीनचा चेहरा उतरला. पण खाटेवर वॉल्ट सलाईनची नळी ओढून ओरडायला लागले, पलंगाखाली माणसं लपलीत म्हणून. अर्माने डबा खाली ठेवला.

"व्हिस्की," ती हळूच म्हणाली. "रोज. झोप लागेपर्यंत."

औषध सुरू झालं, त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. कॉरिडॉरमध्ये टेसने डोरीनला गाठलं.

"कधी लक्षात आलं होतं?"

"मघाशीच. नाडी सांगितली तेव्हा."

"मग बाकीचं का नाही सांगितलंत?"

"घाबरले."

"कशाला?"

डोरीनने खाली बघितलं. "तुम्हाला."

टेस लाल झाली. "त्यांना फिट आली असती तर?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून: "काल मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. पण उद्या हसले तरी सांगायचं. कळलं?"

"कळलं."

वॉल्ट वाचले. पुढच्या आठवड्यात ते वॉर्डात परतले तेव्हा निम्मे झाले होते आणि त्यांना डोरीन आठवत नव्हती. अर्मा तिला बघून मान फिरवायची. डोरीनला त्याचं वाईट वाटलं, पण तोवर तिच्याकडे नवा पेशंट आला होता. त्याच्या पायाची सूज तिला बरी वाटेना. पुन्हा हसतील, हे मनात आलंच, आणि ती तशीच टेसला शोधायला निघाली.