उलटं झाकण

फोन वाजला तेव्हा त्याच्या हाताखाली मेणाची नळी फिरत होती. पात्याचा एक फेरा नुकताच झाला होता, दोन बाकी होते. तिकडून सभागृहाच्या व्यवस्थापकाने सांगितलं, की त्याची बायको तालमीत चेलो वाजवता वाजवता खुर्चीतच कोसळली आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. "बरं" का म्हणाला, ते त्याला अजून कळलेलं नाही.

तो जुन्या ध्वनियंत्रांचा कारागीर. शंभर वर्षांपूर्वी गाणंबजावणं मेणाच्या नळ्यांवर उतरवत. कर्ण्यासमोर वाजवायचं, सुई मेणात चर पाडत जायची. असल्या नळ्या तो सांभाळायचा आणि त्याची बायको त्या ऐकून चेलोसाठी, म्हणजे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनसाठी, नवं संगीत रचायची. एका नळीवर तिचा भारी जीव. त्या नळीत कुणी एक चेलोवाला दोन मिनिटं सावकाश वाजवतो आणि शेवटी एकदम लय वाढवून पळत सुटतो.

"अहो, मेण संपत आलंय ना, म्हणून घाबरलाय बिचारा," ती म्हणायची. "माझ्या रचनेत तो नाही घाबरणार. मेण संपू दे, नाहीतर जग बुडू दे."

"मग नळी लांब लागेल."

"तुम्हाला कानांच्या जागी पकडी बसवल्यात."

आपले सूर त्या जुन्या आवाजात कसे लागतात, ते बघायला ती कोऱ्या नळ्यांवर वाजवून पाही. पसंत पडलं नाही, की डब्याचं झाकण उलटं ठेवी. उलटं झाकण म्हणजे नळी तासायची, वरचा थर काढून पुन्हा कोरी करायची. वीस वर्षांत यावर दोघांत एक शब्द झाला नव्हता. झाकणच बोलायचं.

त्या सकाळी तो पाव आणून परतला तर ती तालमीला निघून गेलेली. टेबलावर डबा. झाकण उलटं. त्याने नळी तासायला घेतली, आणि फोन वाजला.

पंधरा दिवसांनी लेकीने आईची वही उघडली. लेकही चेलो वाजवते. वहीत त्या घाबरलेल्या चेलोवाल्यावरून बेतलेली रचना होती; ती पुढच्या महिन्यात लेकच वाजवणार होती. शेवटचं पान कोरं होतं. फक्त तळाशी आई गेली त्या दिवसाची तारीख आणि दोन ओळी: "शेवट सापडला. नळीवर वाजवून ठेवलाय, दुपारी ऐकून लिहीन."

"बाबा, ही नळी कुठाय?"

"बघतो," तो म्हणाला.

आठ दिवस तो "बघतो"च म्हणत राहिला. लेकीच्या चेलोची पेटी जिन्याच्या कठड्याला आपटल्याचा आवाज आला, की तो हातातलं काम टाकून कपाटापुढे उभा राहायचा. डबा त्याने हत्यारांच्या कपाटामागे सरकवला होता. स्वतःच्याच घरात तो चोरासारखा वावरत होता.

"बाबा, तुमच्या कपाटात आंधळ्यालाही स्क्रू सापडेल," शेवटी लेक म्हणाली. "काय झालंय ते सांगा."

त्याने सांगितलं. ती ओरडली नाही, त्याची त्याला जास्तच भीती वाटली.

"झाकण उलटंच होतं? नक्की?"

"नक्की."

"मग आईला नसेल आवडला शेवट."

"सापडला, असं लिहिलंय तिने."

"मग घाईत असेल."

त्याने कपाटामागून डबा ओढून काढला.

"एकच फेरा झाला होता," तो म्हणाला. "चराचा तळ उरला असेल. पण इतका उथळ, की सुई एकदा फिरली की तेवढाही घासून जाईल. एकदाच ऐकता येईल."

लेकीने पेन्सिलीला टोक केलं आणि वही मांडीवर घेतली. त्याने नळी चढवली. सुई दोनदा बदलली, बदलायची गरज नसताना. मग टेकवली.

खरखर. बराच वेळ नुसतीच खरखर. मग नाकाने ओढलेला एक श्वास. गज तारेवर ठेवण्याआधी ती असाच श्वास घ्यायची. मग एक स्वर, दोन भिंतींपलीकडून यावा तसा.

त्याने सुई उचलली.

"बाबा!"

"ती होती."

"मग उचललीत कशाला?"

त्याच्या डोळ्यांपुढे ती सकाळ आली. तिच्या छातीत कळ आली असेल. डबा ठेवताना चुकून झाकण उलटं पडलं असेल. कुणी न सांगताच वेळ संपत आल्याचं तिला कळलं असेल.

"पुढे तीही पळत सुटली असेल तर?" तो म्हणाला.

लेकीने पेन्सिल खाली ठेवली.

आता ती रोज येते, कोऱ्या पानापर्यंत वाजवते आणि थांबते. कार्यक्रम सहा दिवसांवर आलाय. नळी फळीवर आहे, झाकण सुलटं आहे. ऐकताना घासून गेलेला श्वास आणि पहिला स्वर आता नळीवर नाहीत. पुढचं ऐकायचं राहिलं आहे, आणि लिहायचंही.